इब्राहीम तांडेलचा अर्ज

मस्कतमध्ये एकोणीस वर्षं मी जे काम केलं, त्याला मराठीत धड नाव नाही. माझ्या व्हिसावर ‘क्लार्क’ लिहिलेलं होतं. बौशरला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "म्हणजे तू ऑफिसात नक्की करतेस काय?" मी म्हणायचे, "पत्रं वाचते." "कुणाची?" "इंग्रज साहेबांनी एकमेकांना लिहिलेली. दीडशे वर्षांपूर्वीची." मग विषय मुलांच्या ट्यूशनवर जायचा. त्यांचं काही चुकत नव्हतं. घरी माझ्या मुलालाही आई काय करते हे दहावीपर्यंत नीट सांगता येत नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर तो ‘ऑफिस’ एवढंच लिहायचा.

लग्नाआधी मी मुंबईत एका सरकारी दप्तरखान्यात सात वर्षं होते. जुनं गिचमिड इंग्रजी अक्षर आणि मोडी, दोन्ही तिथेच शिकले. पुढे यांना मस्कतला नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, आणि मी मोडी विसरायच्या बेतात असताना अल् खुवैरला सालिम भेटले. सालिम ओमानी, पण त्यांचे वडील झांझिबारला जन्मलेले. ते घरी स्वाहिली बोलायचे, ऑफिसात अरबी आणि आमच्याशी हिंदी. त्यांचं चार खोल्यांचं ऑफिस होतं. काम एवढंच, की इंग्रज अमदानीतली मस्कतसंबंधीची सरकारी पत्रं परदेशातल्या संग्रहांतून स्कॅन करून मागवायची आणि गिऱ्हाइकाला हवा तो मजकूर शोधून त्याचा गोषवारा करून द्यायचा. कुणाला खजुराच्या बागेची जुनी हद्द हवी असायची, कुणाला पणजोबांचं नाव. वकील यायचे, पीएचडीवाले यायचे. एक गृहस्थ तर आपल्या खापरपणजोबांच्या उंटाची चौकशी करायला आले होते. इंग्रजांनी तो उंट टपालासाठी घेतला अशी घरातली आख्यायिका. उंट सापडला. त्याच्याबद्दल अकरा पत्रं होती. दुसरं पत्र लिहिलं जाण्याआधीच उंट मेला होता, पण वरच्या साहेबांना ते नवव्या पत्रात कळलं. गृहस्थ पोट धरून हसले आणि गोषवारा फ्रेम करून घेऊन गेले.

हे असं का व्हायचं ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मस्कतमधला इंग्रज एजंट स्वतः फारसं काही ठरवू शकत नसे. तो इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसलेल्या आपल्या वरिष्ठाला पत्र लिहायचा. बुशहरचा साहेब ते पत्र आपल्या पत्राला जोडून मुंबईला पाठवायचा. मुंबई कलकत्त्याला, आणि प्रकरण नाजूक असेल तर कलकत्ता लंडनला. उत्तर याच पायऱ्या उतरत खाली यायचं. प्रत्येक पायरीवर एक साहेब खालच्या पत्राचं सार स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मस्कतच्या पत्रात चार पानं असलेला माणूस लंडनला पोचेपर्यंत दीड ओळीचा व्हायचा. भाषा मात्र शेवटपर्यंत अदबशीर. प्रत्येक पत्र ‘आपणांस कळविण्याचा बहुमान मला लाभत आहे’ असं सुरू होणार आणि ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ असं संपणार. मधल्या जागेत कुणाचं तरी घर जळालेलं असायचं.

सालिमचा नियम एकच होता. "मॅडम, जो लिखा है वही लिखो. कम नहीं, ज्यादा नहीं. खलास." मी तो नियम एकोणीस वर्षांत एकदाच मोडला. त्याबद्दल हे लिहिते आहे.

हमीदभाई दापोलीकडचे. त्यांचं कुरुमला इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं. आमच्या घरातले दिवे त्यांच्याकडूनच आलेले. एकदा बिल करता करता त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही जुने कागद वाचता म्हणे. आमच्या आजोबांच्या आजोबांचं काही मिळेल काय? इब्राहीम तांडेल. इथे साहेबाच्या बोटीवर होते."

तांडेल म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या. हमीदभाईंच्या घरात सांगत असत, की इब्राहीमचा मस्कत बंदरात हुकूम चालायचा आणि साहेब त्याला विचारल्याशिवाय पाय हलवत नसे. गावात जमातीने शाळेला एक खोली बांधून दिली होती आणि तिला इब्राहीमचं नाव द्यायचं ठरत होतं. त्या दिवशी वाचून दाखवायला काहीतरी छापील हवं होतं.

"आणि आम्माला पण ऐकायचंय," ते म्हणाले. "ऐंशी पार झाली. दर महिन्याला विचारते, कागद मिळाला काय म्हणून."

शोधायला तीन महिने लागले. इब्राहीम नावाचे खलाशी पुष्कळ, गावाचं नाव मात्र कुठेच नाही. शेवटी ‘एजन्सीच्या बोटी व दुरुस्ती’ या मथळ्याखाली, दोन वल्ह्यांच्या मागणीच्या पुढे, बावीस पत्रांचा एक जुडगा लागला. मी वाचायला बसले आणि तिसऱ्या पत्रात कळलं, की हे प्रकरण बोटीचं नाहीच.

एक गुलाम बाई एजन्सीच्या, म्हणजे एजंटच्या कचेरीच्या, दारात येऊन बसली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तिला आणलेलं. मालकाकडून पळून, चालत ती मस्कतला पोचली होती आणि मला मोकळी केल्याचा कागद द्या म्हणत होती. असे कागद एजंट देत असे. पण हा मालक वजनदार व्यापारी निघाला. एजंट कचरला. त्याने बाईला मागच्या अंगणात ठेवली आणि बुशहरला विचारलं, काय करू?

बुशहरने मुंबईला विचारलं. मुंबईने तीन प्रश्न उलट पाठवले: बाई कोणत्या साली आणली, कोणत्या बंदरातून, कुणाच्या गलबतातून? उत्तरं गेली. मुंबईने कलकत्त्याला लिहिलं, कलकत्त्याने लंडनला. मधल्या काळात बुशहरहून आणखी एक चिठ्ठी आली, की बाईला आवारात फार दिवस ठेवणं ‘गैरसोयीचं’ आहे. त्यानंतरच्या पत्रात एजंट कळवतो, की सदर स्त्री स्वखुशीने एजन्सीच्या बोटीतून निघून गेली.

पाच महिन्यांनी लंडनचा हुकूम पायऱ्या उतरत मस्कतला आला. कागद द्यावा. एजंटने उत्तर दिलं, की बाईचा ठावठिकाणा लागत नाही, बोटीवरच्या एतद्देशीय तांडेलाच्या हलगर्जीपणामुळे हे घडलं, त्याला बडतर्फ केलं आहे. शेवटचं पत्र मुंबईचं: कारवाई समाधानकारक. एवढ्या बावीस पत्रांत त्या बाईला नाव नव्हतं. सगळीकडे ‘सदर स्त्री’.

जुडग्याच्या शेवटी इब्राहीमच्या अर्जाचा इंग्रजी तर्जुमा होता, दोन ओळींचा. बडतर्फ तांडेल आपण निर्दोष असल्याचे म्हणतो व तसा दाखला मागतो. त्यावर शेरा: उत्तराची आवश्यकता नाही. त्याच्या मागे मूळ अर्ज टाचलेला होता आणि तो मोडीत होता. गावी परतल्यावर त्याने कुलकर्ण्याकडून लिहवून घेतला असावा. स्कॅन करणाऱ्याला तो उलटा आहे की सुलटा हेही कळलं नव्हतं. पान उलटं आलं होतं. ते सरळ करून मी वाचलं. दीडशे वर्षांत तो वाचणारी बहुधा मी दुसरीच. पहिला तो तर्जुमा करणारा.

दोन ओळींचा तो अर्ज प्रत्यक्षात दीड पान होता आणि खाली हमीदभाईंच्याच गावाचं नाव होतं. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे. ‘साहेबांनीं तोंडी हुकूम केला जे बाईस मत्रहचे धक्क्यावर पोंचवणें. धणी तेथें उभा होता. बाई जाफरान नांवाची. ती नावेंत पाय ठेवीना. माझा हात धरून पुसों लागली, साहेबाचा कागद आला काय. म्यां सांगितलें, आला. कागद आला नव्हता. मग ती बसली.’ खाली तो दाखला मागतोच, पण त्याच्याही आधी एक मागणी आहे: ‘जाफरान इचा तपास व्हावा.’

मी खुर्चीतून उठले आणि पँट्रीत जाऊन उभी राहिले. चहा केला नाही. नुसतीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंना बोलावून सगळं वाचून दाखवलं. ते टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत ऐकत होते.

"मॅडम, बडतर्फ केलं म्हणजे काढून टाकलं ना?"

"हो."

"आणि त्या बाईला खोटं सांगून..."

"त्याने स्वतःच लिहून दिलंय ते. दुसऱ्या कुणीच लिहिलेलं नाही."

"गावात हे कसं वाचायचं?" ते म्हणाले. "आणि आम्माला? तिचं हार्ट पंचवीस टक्के चालतंय. आयुष्यभर तिने या माणसाचा अभिमान धरला. आता शेवटाला मी हे सांगू? बाईचं तेवढं काढा ना मॅडम. तो इथे होता, बोटीवर होता, एवढं खरंच आहे की."

मी सालिमचा नियम सांगायला हवा होता. पण मोडी वाचता येणारं त्या ऑफिसात, कदाचित त्या देशात, माझ्याखेरीज कुणी नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं. हमीदभाई भले माणूस होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी गोषवारा केला. ‘इब्राहीम तांडेल यांनी मस्कत येथील एजन्सीच्या बोटीवर काही वर्षे सेवा केली. पुढे ते सेवेतून मुक्त होऊन गावी परतले. त्यांचा एक अर्ज उपलब्ध आहे.’ तीन वाक्यं. एकही खोटं नाही. सालिमने त्या गोषवाऱ्याच्या अरबी प्रतीवर सही केली.

हमीदभाईंनी आग्रह केला, की आम्माला तुम्हीच वाचून दाखवा, तुमच्या तोंडून ऐकलं की तिला खरं वाटेल. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. आम्मा दिवाणावर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "बाय, तुझा गाव कंचा?" मी सांगितलं. मी तीन वाक्यं वाचली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. मग मुलाला म्हणाल्या, "हमीद, बायसाठी शरबत आण जा." सून रुखसाना आतच होती, तरी त्यांनी मुलालाच उठवलं.

तो आत गेल्यावर त्या पुढे वाकल्या.

"बाय, त्या कागदात जाफरानचा नाव हाय काय?"

त्यांनी कागदासकट माझा हात धरला.

"माज्या सासूनं मला सांगितलेला," त्या म्हणाल्या. "तिला तिच्या सासूनं. वर्सातून एक दिवस जाफरानच्या नावानं गोड करायचा, फातेहा द्यायचा. पुरुषांना सांगायचा नाय. मी साठ वर्सा करतंय. कोन होती ती, सासूला पन म्हायत नव्हता. ती म्हनायची, तिचा आपल्यावर हक्क हाय, एवढाच. मी मरायच्या आदी मला कलूदे, कोन होती."

आत फ्रीज उघडल्याचा आवाज आला. हमीदभाईंना मी शब्द दिला होता. आणि मला भीती वाटली, की आता सांगितलं आणि या बाईला काही झालं तर? हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे, की ‘आहे’ म्हटलं असतं तर मला माझा गोषवारा त्यांच्यासमोर फाडावा लागला असता.

मी म्हणाले, "नाही आम्मा. नाव नाही त्यात."

"बरा," त्या म्हणाल्या. "मंग नसल." आणि त्यांनी माझा हात सोडला.

हमीदभाई शरबत घेऊन आले. मी ते प्यायले आणि घरी आले. पुढे आठ-दहा दिवस रोज ठरवत होते, की जाऊन सांगावं. एकदा त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी लावून बसलेही आणि परत आले. तीन आठवड्यांनी रुखसानाचा फोन आला, आम्मा गेल्या.

कबरस्तानातून पुरुष परतल्यावर मी भेटायला गेले. तिथे काही बोलणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सालिमच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून त्यांना सगळं सांगितलं. मोडी अर्जाचा तोंडी तर्जुमा हिंदीत करून दाखवला. ते मला ओरडतील असं वाटलं होतं. ते खिडकीकडे बघत होते.

"जाफरान," ते म्हणाले. "ऐसे ही नाम रखते थे उनके. मसाले के, इत्तर के. माँ-बाप का रखा नाम तो वहीं रह गया."

मग म्हणाले, "मॅडम, मेरी दादी की माँ भी ऐसे ही आई थी. उसका ये वाला नाम भी किसी कागज में नहीं है. मैंने बहुत ढूँढा. इसीलिए तो ये ऑफिस खोला."

इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसून मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

त्यांनी मला काढलं नाही. आवाजही चढवला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गोषवाऱ्यासोबत मूळ पत्राची प्रत आणि दुसऱ्या कुणी तरी तपासल्याची सही लागू लागली. मोडीचे कागद ते स्कॅन करून पुण्याला एका अभ्यासकाकडे पाठवायचे आणि माझं वाचन त्याच्याशी ताडून बघायचे. मी बरोबर वाचलेलं असायचं. तरी ते पाठवायचे. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं हे चाललं आणि मला एकदाही ‘का’ विचारायचं धैर्य झालं नाही.

हमीदभाईंना मी आम्मांचा चाळिसावा दिवस झाल्यावर सांगितलं. दुकानात गर्दी नव्हती. आम्मांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या हातात एक बल्ब होता, तो त्यांनी खोक्यात परत ठेवला.

"आम्माने नाव घेतलं? जाफरान म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाही?"

"नाही."

"मी बाईचं काढा म्हटलं, मान्य आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, बाहेरून कुणीतरी डोकावलं. "मी माझ्या लाजेसाठी म्हटलं. पण तिला माहीत होतं! ती साठ वर्षं तिच्यासाठी दुवा मागत होती! मी शरबत आणायला गेलो तेवढ्यात तुम्ही माझ्या आईला..." मी तिथे उभी राहिले, कारण निघून जाणं हा आणखी एक पळपुटेपणा झाला असता.

महिन्याभराने ते स्वतः ऑफिसात आले. बसले नाहीत. म्हणाले, पूर्ण कागद द्या. मी अर्जाचं बाळबोध लिप्यंतर केलं, बावीस पत्रांचं मराठी केलं, सालिमने तपासून घेतलं आणि दिलं. हमीदभाई ते घेऊन गावी गेले. तिथल्या वडीलधाऱ्यांनी चाळून पाहिलं आणि ठरवलं, की खोलीला नाव इब्राहीमचंच राहील, पण हे काही वाचून दाखवायची गरज नाही. कार्यक्रमात माझी ती तीन वाक्यंच वाचली गेली. त्याचा व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला होता. मुलं टाळ्या वाजवत होती.

माझ्या निवृत्तीच्या आधी थोडे दिवस रुखसानाचा फोन आला. दुकानातल्या त्या दिवसानंतर त्या घरातून मला कुणी फोन केलेला नव्हता.

"ताई, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आम्मा करायच्या ते आता मी करावं असं यांच्या मनात आहे. माझ्या पण. वर्षातून एकदा त्या शेवयांचं गोड करायच्या, एवढं मला आठवतंय. मला वाटायचं, त्यांच्या माहेरच्या कुणाचं असेल. दिवस कंचा होता ते मी कधी ध्यानात ठेवलं नाही. चांदाच्या तारखेने असणार, कारण कधी थंडीत यायचा, कधी उन्हाळ्यात. त्या कागदात असेल ना तारीख? तिला नेलं तो दिवस?"

मी म्हणाले, बघून सांगते. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. पत्रं निघाल्याच्या तारखा होत्या, पोचल्याच्या होत्या, जावक क्रमांक होते, बोटीला नवीन वल्ही मिळाल्याचा दिवससुद्धा होता. इब्राहीमच्या अर्जात ‘ते दिवशीं’ एवढंच. एजंटच्या पत्रात ‘अलीकडेच’.

रुखसानाला तसं कळवलं. या वेळी जेवढं होतं तेवढंच सांगितलं.

"सासूला विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "असू दे. इन्शाल्ला, एक दिवस ठरवू आम्हीच." तिच्यामागे कुकरची शिट्टी होत होती. तिने फोन ठेवला.